पोपची निवडणूक : ८९ मतं, सुई-दोरा आणि राळेचा धूर

केंद्राध्यक्ष | ९ मे २०२५

नवे पोप ठरले. रॉबर्ट फ्रान्सिस प्रीव्होस्ट, वय ६९, जन्म शिकागोचा, उमेदीची वर्षं पेरू देशात गेलेली. नाव घेतलं लिओ चौदावे. पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला गेले, ७ मेच्या संध्याकाळी सिस्टीन चॅपेलची दारं बंद झाली आणि काल चौथ्या फेरीत निकाल लागला. मतदार १३३, सगळे कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचे वरिष्ठ धर्मगुरू. दोन तृतीयांशाच्या हिशोबाने ८९ मतं हवीत.

मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्रातलं मला फारसं कळत नाही. पण मास्तरकी पत्करली आणि निवडणुकीची ड्युटी पाचवीला पुजली, त्यामुळे जगात कुठेही मतदान असलं की माझी नजर उमेदवाराकडे न जाता मतपेटीकडे जाते. इथे तर उमेदवारच नाहीत. अर्ज नाही, चिन्ह नाही, नोटा नाही. जे आहे ते सगळं मतपेटीभोवती आहे, आणि ते इतकं बारकाईने बांधलंय की मी पंधरवडाभर तेच वाचत बसलोय.

मतपत्रिकेच्या वरच्या अर्ध्या भागावर 'मी सर्वोच्च धर्मगुरू म्हणून निवडतो' अशा अर्थाचे लॅटिन शब्द छापलेले. खाली कोरी जागा, तिथे एकच नाव लिहायचं, तेही आपलं अक्षर ओळखू येणार नाही अशा बेताने. मग घडी घालून, हात उंच धरून, सगळ्यांना दिसेल अशी ती वेदीपर्यंत न्यायची. ख्रिस्ताला साक्षी ठेवून शपथ मोठ्याने म्हणायची. मतपत्रिका थेट पात्रात टाकायची नाही, आधी तबकात ठेवायची आणि तबक कलतं करून आत सोडायची. कारण काय दिलंय ते जाऊ द्या, एका घडीत दोन चिठ्ठ्या कोंबणाऱ्याची पंचाईत होते हे माझ्यासारख्याला लगेच दिसतं.

मोजणीला नऊ माणसं, सगळी चिठ्ठ्या काढून ठरवलेली. तिघं मोजणार, तिघं फेरतपासणी करणार आणि तिघं आजारी मतदारांच्या खोलीवर कुलूपबंद पेटी घेऊन जाणार. आधी पात्र हलवायचं, मग न उघडता मतपत्रिका मोजायच्या. आकडा मतदारांच्या संख्येशी जुळला नाही तर एकही न वाचता सगळ्या जाळायच्या आणि मतदान पुन्हा. जुळला तर पहिला मनात वाचतो, दुसरा मनात वाचतो, तिसरा मोठ्याने नाव घेतो आणि सुईने त्या छापील शब्दातून दोरा ओवतो. शेवटी दोऱ्याच्या दोन्ही टोकांना गाठ. १३३ मतपत्रिकांची एक माळ. इकडची तिकडे होणं शक्यच नाही.

सतरा-सी म्हणजे झालेल्या मतदानाचा हिशोब द्यायचा फॉर्म, त्यात एक मत जुळेना म्हणून रात्री उशिरापर्यंत केंद्रावर बसलेल्या माणसाला विचारा, या सुई-दोऱ्याची किंमत काय ती. आणि हे नुसतं कागदावर नाही. २०१३ मध्ये एका फेरीत ११५ मतदार असताना ११६ मतपत्रिका निघाल्या, एकीला दुसरी कोरी चिकटून आली होती. ती अख्खी फेरी बाद करून पुन्हा मतदान घेतलं, असं एका पत्रकाराने पुढे प्रसिद्ध केलं. त्या पुन्हा घेतलेल्या फेरीत फ्रान्सिस निवडून आले.

माझं म्हणणं असं की हे सगळं परंपरा म्हणून आकाशातून पडलेलं नाही. यातला एकेक नियम म्हणजे कधीतरी झालेल्या फजितीवर लावलेलं ठिगळ आहे. जाणकारांनी भर घालावी.

---

चहाचं_भांडं | ९ मे

मस्त लिहिलंय मास्तर. एक बाळबोध शंका. कागद जाळला तर धूर कधी पांढरा, कधी काळा कसा काय? शेवटी कागद तो कागद.

---

प्रयोगवही | ९ मे

@चहाचं_भांडं, शंका बाळबोध नाही. व्हॅटिकनलाही ती बरीच वर्षं सुटली नव्हती.

पूर्वी काळ्यासाठी मतपत्रिकांबरोबर ओला पेंढा जाळायचे. १९५८ ला धूर करडाच यायला लागला आणि चौकातले लोक, रेडिओवाले सगळे गोंधळले. नंतरही हा घोळ अधूनमधून चालूच राहिला. म्हणून २००५ पासून दोन शेगड्या असतात. एक १९३९ पासून वापरातली बिडाची, तिच्यात मतपत्रिका जळतात. शेजारी दुसरी, तिच्यात रसायनांची कांडी पेटवतात. दोघींचे नळ वर एकाच धुराड्याला जोडलेले.

काळ्यासाठी पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासीन आणि गंधक. पांढऱ्यासाठी पोटॅशियम क्लोरेट, लॅक्टोज आणि रोझिन. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, रोझिन म्हणजे पाइनची राळ. एवढं करूनही भरवसा नको म्हणून पांढऱ्या धुराबरोबर सेंट पीटर्सच्या घंटा वाजवायच्या, हेही २००५ पासूनच.

तुमच्या ठिगळाच्या सिद्धांतात हे चपखल बसतंय.

---

उमेळ्याची_वेल | ९ मे

लेख आवडला. मी वसईची, कॅथलिक. मतपेटीचं वर्णन बरोबर आहे, पण आत गेलेली माणसं स्वतःला मतदार समजून आत जात नाहीत एवढं नोंदवते. सकाळी मिस्सा (आमचा मुख्य उपासनाविधी), मग संतांची नावं घेत मिरवणूक, पवित्र आत्म्याला आवाहन करणारं गीत, शपथ, मग 'सगळे बाहेर' असा पुकारा. पहिल्या दिवशीचा धूर रात्री नऊला आला, म्हणजे आपल्याकडे साडेबारा वाजून गेले होते. मतदानाआधी वयोवृद्ध कार्डिनल कांतालामेस्सांचं चिंतन होतं, ते लांबलं म्हणे.

भारत-पाकिस्तान संघर्षामुळे काल आमच्याकडे वेगळीच परिस्थिती होती. मे हा मारियामातेचा महिना, संध्याकाळी आळीतल्या क्रूसापाशी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना असते. यंदा रोझरीत सीमेवरच्या जवानांसाठीही प्रार्थना होत होती. घरी येऊन टीव्ही लावला तर सगळ्या चॅनेलवर सायरन आणि ब्लॅकआऊट, धरमशालेची मॅच मध्येच थांबलेली. पांढरा धूर आपल्या घड्याळात ९:३७ ला आला. तो आम्ही फोनवर पाहिला, चारचौघी एका स्क्रीनभोवती. पावणेअकराच्या सुमारास कार्डिनल माम्बर्ती सज्जात येऊन नाव बोलले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, 'कोण गं हे?' सांगायला कोणाकडेच काही नव्हतं. सगळ्यांनी कार्डिनल पारोलिन किंवा कार्डिनल तागले धरून ठेवले होते.

रोममध्ये म्हणच आहे, जो पोप म्हणून आत जातो तो कार्डिनल म्हणून बाहेर येतो.

आणि एक हळहळ. भारतातून चार मतदार होते : गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव, तिरुवनंतपुरमचे बसेलियोस क्लीमिस, हैदराबादचे अँथनी पूला आणि व्हॅटिकनच्या सेवेतले जॉर्ज कूवकाड. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस डिसेंबरमध्ये ८० पूर्ण झाले, त्यामुळे मतदानाला मुकले. त्याहून चुटपुट लावणारं केरळच्या कार्डिनल आलंचेरींचं. त्यांची ऐंशी १९ एप्रिलला भरली. पोप महोदय गेले २१ ला. दोन दिवस!

---

शंकेखोर | ९ मे

वर्णनं छान आहेत, पण कोणीतरी हे बोलायला हवं. १३३ मतदार, सगळे पुरुष, सगळे आधीच्या पोपांनी नेमलेले. त्यातले १०८ एकट्या फ्रान्सिस यांनी. म्हणजे जाणारा माणूस आपल्या पुढच्याचा मतदारसंघ स्वतः तयार करून जातो. याला निवडणूक म्हणायचं की सहकारी संस्थेचं पॅनेल?

दुसरं म्हणजे पोपच्या निवडणुकीचे नियम घालून देणाऱ्या १९९६ च्या घटनेत मतदारांची मर्यादा १२० आहे. प्रत्यक्षात पात्र होते १३५, दोन आजारपणामुळे आले नाहीत. बाकीच्यांचं काय? 'दिवंगत पोपांनी जास्त नेमले म्हणजे त्यांनीच मर्यादा शिथिल केली' असं कार्डिनलांनी बैठकीत ठरवून टाकलं. वा!

तिसरं, बेच्चू. आर्थिक घोटाळ्यात व्हॅटिकनच्याच कोर्टाने २०२३ मध्ये शिक्षा दिलेला कार्डिनल. शेवटच्या आठवड्यापर्यंत 'मी आत बसणार' म्हणून हटून होते, नंतर माघार घेतली.

आणि चौथं, ज्यावर चौकात कोणी टाळ्या वाजवत नाही. नवे पोप पेरूमधल्या चिक्लायोचे बिशप असताना तिथल्या तीन महिलांनी २०२२ मध्ये दोन धर्मगुरूंविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली होती. चौकशी नीट झाली नाही असं त्या म्हणतात, धर्मप्रांत ते नाकारतो. पवित्र आत्मा हे सगळं बघून मत देतो का?

---

चहाचं_भांडं | ९ मे

पॅनेलवर हसलो :)

---

उमेळ्याची_वेल | १० मे

@शंकेखोर, शेवटच्या वाक्यातला टोमणा सोडला तर प्रश्न रास्त आहेत. स्त्रियांना मत नाही याची चर्चा आमच्या घरातही होते, आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा तिखट होते. चिक्लायोबद्दल कागदपत्रं उघड व्हावीत असंच मला वाटतं. पण त्याच पेरूमध्ये सोडालिशियो नावाच्या बड्या आणि वजनदार संस्थेने छळलेल्या लोकांच्या बाजूने हेच प्रीव्होस्ट उभे राहिले होते. ती संस्था फ्रान्सिस यांनी बरखास्त केली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यात आहेत, एकच वाचू नये.

पवित्र आत्म्याबद्दल. पुढे बेनेडिक्ट सोळावे झालेले कार्डिनल रात्झिंगर यांना १९९७ मध्ये जर्मन टीव्हीवर हाच प्रश्न विचारला होता. त्यांचं उत्तर साधारण असं होतं की पवित्र आत्मा अमुक एक माणूस निवडतो असं मी म्हणणार नाही, कारण त्याने कधीच निवडले नसते असे पोप इतिहासात भरपूर होऊन गेलेत. एवढंच की सगळंच धुळीला मिळणार नाही याची हमी असावी. माझ्या श्रद्धेला एवढं पुरतं.

---

नगरी_ख्रिस्ती | १० मे

आमची वेगळीच तऱ्हा. आम्ही नगरचे प्रॉटेस्टंट, पोपला न मानणारे, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचे. काल सकाळपासून शेजारीपाजारी, ऑफिसातले, दूधवालासुद्धा 'अभिनंदन, तुमचा नवा पोप आला' म्हणून गेले. प्रत्येकाला लूथर कुठून समजावून सांगणार? 'थँक्यू' म्हणून मोकळा झालो.

पण एक गंमत कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मार्टिन लूथर कोण होता? ऑगस्टिनियन संघाचा साधू. त्याला १५२१ मध्ये चर्चबाहेर कोणी काढलं? लिओ दहाव्याने. आणि आता त्याच ऑगस्टिनियन संघातून पहिल्यांदा पोप होतो आणि नाव घेतो लिओ! आमच्या पाळकांना फोन करून हे सांगितलं, ते मिनिटभर हसत होते.

---

मांडवीतीर | १० मे

ऑगस्टिनियन निघालेच तर गोंयची जाप (उत्तर) ऐका.

जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चच्या समोरच्या टेकडीवर एक अर्धाच उरलेला मनोरा उभा आहे, साधारण ४६ मीटरचा, जांभ्या दगडाचा. पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात आणि पुढे जातात. तो ऑगस्टिनियनांच्या चर्चचा. हे लोक १५७२ मध्ये गोव्यात आले. पोर्तुगाल सरकारने १८३० च्या दशकात धार्मिक संघ बरखास्त केले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं. त्या मनोऱ्यातली घंटा कुठे गेली माहीत आहे? पणजीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पांढऱ्या चर्चमध्ये, सगळ्या सिनेमांत दिसतं त्याच. १८७१ पासून तिथे आहे.

याच अवशेषांत पुरातत्त्व खात्याला जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या अस्थी सापडल्या. १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासने तिला शिराझमध्ये हाल करून मारलं, तिथल्या ऑगस्टिनियन साधूंनी काही अस्थी गोव्याला आणल्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून खात्री झाली आणि २०२१ मध्ये भारत सरकारने त्या जॉर्जियाला दिल्या.

प्रीव्होस्ट या संघाचे जगभराचे प्रमुख होते, २००१ ते २०१३. त्या काळात ते भारतात आलेत, २००४ आणि २००६ मध्ये, केरळात.

आमचे कार्डिनल फेर्राव हळदोण्याचे, ७२ वर्षांचे. गोव्याच्या आर्चबिशपला 'पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क' असा किताब आहे. तो १८८६ चा, आणि दिला कोणी? लिओ तेराव्यांनी.

---

नगर_रोड | १० मे

@मांडवीतीर, हे लिओ तेरावे पुण्यालाही लागू आहेत.

त्याच १८८६ मध्ये त्यांनी भारतातली चर्चची रचना नव्याने लावली, पुणे धर्मप्रांत तेव्हाचाच. पुढे १८९३ मध्ये त्यांनी सिलोनात कँडीला सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा काढली, भारतातले धर्मगुरू भारतीयच असावेत या हेतूने. 'हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील' असं तिचं लॅटिन ब्रीद आहे. गोऱ्या मिशनऱ्यांच्या भरात हे म्हणणं सोपं नव्हतं. ती सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली. पेपल सेमिनरी, नगर रोडवर. रोज लाखभर दुचाक्या त्या फाटकावरून जातात आणि आतल्या झाडीकडे कोणी ढुंकून बघत नाही.

नावाबद्दल आजच ताजी बातमी आहे. पोपनी कार्डिनलांना सांगितलं की लिओ हे नाव मुख्यतः तेराव्या लिओंवरून घेतलं. त्यांनी १८९१ मध्ये कामगारांचे हक्क, मजुरी, संघटना यांवर परिपत्रक काढलं होतं, पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या धबडग्यात. आता कृत्रिम बुद्धिमत्ता तशीच उलथापालथ करतेय, म्हणून हे नाव. हिंजवडीतल्या आमच्या मंडळींनी हे वाचावं असं सुचवतो, ले-ऑफच्या मेलची वाट बघता बघता.

---

सरोवरकाठ | १० मे

शिकागोहून. इथे वेड लागायचं बाकी आहे. पोप बेसबॉलमध्ये कुठल्या टीमचा, यावर अर्धा दिवस गेला. कब्सवाल्यांनी आपला म्हणून जाहीर केला, मग त्यांच्या भावाने मुलाखतीत सांगितलं की तो पहिल्यापासून व्हाइट सॉक्सचा. दक्षिण शिकागोत त्यानंतर जे काही झालं ते गणेशोत्सवाहून कमी नव्हतं.

गंभीर मुद्दा. अमेरिकन माणूस पोप होणारच नाही, असं इथले कॅथलिकही ठामपणे म्हणायचे. महासत्तेच्या हातात तेवढं एकच नव्हतं, ते कोण देईल? मग झाले कसे? मला वाटतं, मत देणाऱ्यांना ते अमेरिकन वाटलेच नाहीत. तरुणपणी पेरूला गेले, २०१५ पासून तिथलं नागरिकत्व आहे. सज्जातल्या पहिल्या भाषणात इटालियन बोलले, मध्येच स्पॅनिशमध्ये चिक्लायोच्या लोकांना नमस्कार केला. इंग्रजीत एक शब्द नाही! इथल्या काही लोकांना ते झोंबलंय.

शिवाय २०२३ पासून जगभरचे बिशप निवडण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. म्हणजे सगळ्यांच्या फायली पाहिलेला माणूस. शंकेखोर यांच्या भाषेत, जिल्हा बँकेच्या सगळ्या शाखा ठाऊक असलेला.

आणि हो, पदवी गणिताची आहे, १९७७, व्हिलानोव्हा.

---

केंद्राध्यक्ष | १० मे

गणिताचा माणूस पोप झाला हे वाचून आमची स्टाफरूम खूश.

उत्तम भर पडतेय. ठिगळांची यादी मी पुढे नेतो.

सर्वांत मोठं ठिगळ विटेर्बोचं. १२६८ मध्ये चौथे क्लेमेंट वारले आणि कार्डिनल विटेर्बो गावात जमले. महिने गेले, वर्ष गेलं, निर्णय नाही. गावकरी कंटाळले. त्यांना कोंडलं, खाणं तोडलं, आणि शेवटी राजवाड्याचं छप्पर काढलं असं सांगतात. तरीही १२७१ उजाडावं लागलं, आणि निवडलं कोणाला? जो कार्डिनलही नव्हता आणि त्या वेळी पॅलेस्टाइनमध्ये धर्मयुद्धावर होता त्याला. हे दहावे ग्रेगरी. स्वतःच्या निवडीला लागलेला वेळ बघून त्यांनी १२७४ मध्ये नियमच केला : सगळ्यांना एकत्र कोंडायचं, तीन दिवसांत ठरलं नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवसांनी नुसता पाव, पाणी आणि थोडी वाईन. आपल्याकडे एखाद्या नगरपालिकेत हा प्रयोग करून बघायला हवा.

दुसरं १९०३ चं. लिओ तेरावे गेल्यावर त्यांचे उजवे हात कार्डिनल राम्पोला पुढे चालले होते. तेवढ्यात क्राकोचे कार्डिनल पुझिना उठले आणि ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या वतीने 'आमचा यांना नकार' असं जाहीर करून बसले. कॅथलिक राजांना तसा नकाराधिकार असल्याची वहिवाट होती. राम्पोला मागे पडले आणि दहावे पायस झाले. ज्या नकारामुळे त्यांची वाट मोकळी झाली तो त्यांनी पुढच्याच वर्षी कायमचा बंद केला.

वयाचं ठिगळ १९७० चं, सहाव्या पॉल यांचं. ऐंशीनंतर मत नाही. तेव्हा म्हाताऱ्या कार्डिनलांनी बराच थयथयाट केला होता. आलंचेरींच्या दोन दिवसांची मुळं तिथे आहेत.

आताची सोय अशी : पहिल्या दिवशी एक फेरी, मग रोज चार. तीन दिवसांत नाहीच जमलं तर एक दिवस थांबून प्रार्थना आणि आपसात बोलणं. तिसावर फेऱ्या झाल्या की वरच्या दोघांतच लढत, आणि ते दोघं स्वतः मत देऊ शकत नाहीत. तिथेही बहुमत दोन तृतीयांशच लागतं. जॉन पॉल दुसरे यांनी शेवटी साध्या बहुमताची पळवाट ठेवली होती, बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये ती बुजवली. हा मला सगळ्यांत शहाणा बदल वाटतो. साधं बहुमत पुढे मिळणारच आहे हे माहीत असेल तर ५१ टक्केवाले अडून बसतील, समजूत कोण काढणार?

---

पाटीपेन्सिल | ११ मे

चार भारतीयांबद्दल एवढं लिहिलं गेलं, पण कार्डिनल पूला हे दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल आहेत, हे कोणीच लिहिलं नाही. २०२२ मध्ये, फेर्राव यांच्याबरोबरच. चर्चमध्ये जात नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी दक्षिणेतल्या दफनभूमींमधल्या भिंती बघाव्यात. धर्मांतरित दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत तो प्रश्न वेगळाच. पूलांचं मत पेटीत पडलं, ही माझ्या लेखी या निवडणुकीतली मोठी बातमी.

---

उमेळ्याची_वेल | ११ मे

@पाटीपेन्सिल, मान्य. आमच्या वसईतही सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी हे भेद लग्नं जुळवताना बरोबर आठवतात.

आजचं सांगते. दुपारी नवे पोप महोदय सज्जातून पहिली रविवारची प्रार्थना म्हणत होते. युक्रेन, गाझा यांच्याबरोबर त्यांनी भारत-पाकिस्तान युद्धविरामाचं नाव घेऊन स्वागत केलं. काल संध्याकाळीच तो जाहीर झाला होता. गुरुवारी धूर आला तेव्हा आमच्या टीव्हीवर सायरन होते आणि रविवारी त्याच गोष्टीचा उल्लेख रोममधून. सासूबाईंना आता नाव पाठ झालंय.

---

शंकेखोर | ११ मे

हे चांगलं बोलले, नाही म्हणत नाही. पण शांततेची हाक प्रत्येक पोप देतो, त्यात जोखीम नसते. निवडीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी, ट्रम्प यांनी, पोपच्या वेषातलं स्वतःचं कृत्रिम चित्र टाकलं होतं. हे कार्डिनल असताना यांच्या खात्यावरून उपाध्यक्ष व्हान्स यांच्यावर टीका करणारा लेख पुढे पाठवला गेला होता. आता पोप म्हणून तिथे काय बोलतात ते बघू. परीक्षा मायदेशात आहे.

---

सरोवरकाठ | १२ मे

+१. १८ तारखेला पदग्रहणाची मिस्सा आहे, व्हान्स स्वतः जाणार आहेत म्हणे. कॅमेरे कुठे रोखलेले असतील ते सांगायला नको.

---

चहाचं_भांडं | १२ मे

माझी आणखी एक बाळबोध शंका. मोबाईल-बिबाईल आत नेला तर?

---

प्रयोगवही | १२ मे

सिग्नल बंद करतात, जॅमर लावतात. ध्वनिमुद्रण केलं तर थेट चर्चमधून बहिष्कार. स्वयंपाकी, लिफ्टवाले, डॉक्टर, सगळे आधी शपथ घेतात. तरी दोन-चार वर्षांत कोणाला किती मतं पडली ते कुठल्यातरी इटालियन पेपरात येतंच. या ठिगळाला भोक आहे.

---

वाचनमात्र_होतो | १९ मे

धागा आज वाचला, सलग. एक जोड देतो. भारतातून या निवडणुकीत मत देणारे पहिले म्हणजे मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस. जन्म कराचीचा, घराणं गोव्याचं. मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप, १९५३ मध्ये कार्डिनल. १९५८ आणि १९६३ ला आत होते. १९७८ मध्ये तीन पोपांचं वर्ष आलं तेव्हा आजारी होते, ऑगस्टमध्ये जाता आलं नाही. पहिले जॉन पॉल ३३ दिवसांत गेले, त्याच्या पंधरवडाभर आधी ग्रेशस गेले. २००५ ला मुंबईचे इव्हान डायस आत होते, तेव्हा त्यांचं नाव वर्तमानपत्रांत पोपपदासाठीही घेतलं जायचं. २०१३ ला भारताचे पाच जण. म्हणजे इतक्या दशकांत मुंबईचा आर्चबिशप मतदार नाही असं क्वचितच झालं असेल. यंदा नव्हता.

---

मांडवीतीर | १९ मे

सध्याचे आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज यांना अजून लाल टोपी, म्हणजे कार्डिनलपद मिळालेलं नाही. मिळेल तेव्हा मिळेल.

मी उगाच हिशोब मांडला. फेर्राव ऐंशीचे होणार २०३३ च्या जानेवारीत, क्लीमिस २०३९, पूला २०४१. कूवकाड आत्ता ५१ चे, त्यांचं मत २०५३ पर्यंत. यंदा चिठ्ठ्या काढून ते नऊ मोजणारे-तपासणारे ठरवायचं काम त्यांच्याच वाट्याला आलं, कारण कार्डिनलांच्या डीकन नावाच्या श्रेणीत सगळ्यांत कनिष्ठ तेच.

लिओ चौदावे ६९ चे आहेत. सप्टेंबरात सत्तर.

---

केंद्राध्यक्ष | १९ मे

म्हणजे कूवकाड आणखी एक-दोन वेळा ड्युटीवर. आम्हाला निदान भत्ता तरी मिळतो.